सहा खुंटांची खोप

आम्ही मांगरात वेगळी चूल मांडली त्या सकाळी दोडाप्पा दारात येऊन उभा राहिला आणि हसला. दोडाप्पा म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. आमच्याकडे थोरल्या चुलत्याला कानडीतला हाच शब्द लावतात. आईलाही मी अव्वाच म्हणायची. तो आत आला नाही. चौकटीला हात टेकून त्याने आधी चुलीकडे पाहिलं, मग गवताच्या छपराकडे, मग कोपऱ्यातल्या एकुलत्या मोळीकडे, आणि म्हणाला, "लक्षुमी, मिरगापतोर पेटंल ही चूल. फुडं?" अव्वाने फुंकणीवरचं तोंड काढलं नाही. ती फुंकतच राहिली. लाकूड जरा ओलसर होतं, त्याचा धूर थेट दारापर्यंत गेला, दोडाप्पा खोकला, डोळे पुसत मागे सरला आणि निघून गेला. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. मला तो धूर फार आवडला.

त्याचं ते 'फुडं?' कळायला आमच्या वाडीची रीत सांगायला हवी. दिग्गीकडे जाणाऱ्या वाटेवर, जंगलाच्या पोटात मोजकी घरं होती आमची. घर वेगळं झालं हे तिथे कागदावर ठरत नसे, चुलीवर ठरत असे. वेगळी मांडलेली चूल मिरगापासून गणपतीच्या चवथीपर्यंत, म्हणजे आख्खा पावसाळा, पेटती राहिली पाहिजे. त्या काळात मूळ घरातून जळण मागायचं नाही, निखारा मागायचा नाही. चवथीच्या आदल्या दिवशी गावचा बुधवंत, म्हणजे आमचा मानाचा म्हातारा, नव्या भाताच्या कणसांच्या जुड्या वाटायचा. एका चुलीला एक जुडी. जिला जुडी मिळाली ते घर झालं. जिची चूल मधेच विझली तिने आपली मडकी उचलून मुकाट्याने मूळ घरात परत जायचं, आणि तिच्या वाट्याचा मळा पुन्हा मूळ घराच्या नांगराखाली. आमच्या पावसात हे सोपं नव्हतं. सह्याद्रीच्या त्या अंगाला पाऊस पडत नाही, तो येऊन राहतो. भिंतीला बुरशी येते, मिठाचं पाणी होतं, अंगावरचं लुगडं अंगावरच वाळवावं लागतं. अशा दिवसांत सुकं लाकूड ज्याच्याकडे, त्याचीच चूल. दोडाप्पाला आमच्याशी भांडायची गरजच नव्हती. त्याच्या वतीने पाऊस भांडणार होता.

आम्ही मूळ घर का सोडलं तेही सांगते, म्हणजे कुणी आम्हाला आगाऊ म्हणायला नको. माझे वडील रानात लाकूड ओढायच्या कामावर होते. एक ओंडका घसरला आणि ते त्याखाली गेले. त्यांना रानातून घरापर्यंत खांद्यावरून आणलं ते दोडाप्पानेच, आणि वाटेत कुणाला खांदा बदलू दिला नाही, हे मी विसरलेली नाही. पण त्यानंतर वर्षभर आम्ही त्याच्या घरात राहिलो आणि त्या वर्षात मला एक गोष्ट कळली: ज्याच्या हातात जळण, त्याच्या हातात घर. लाकडं वळचणीखाली रचलेली असत आणि त्यांना हात लावायचा हक्क फक्त दोडव्वाचा, त्याच्या बायकोचा. सगळ्या घराची पेज अव्वा शिजवायची, पण सकाळी चार फाटी मागायला तिला दोडव्वापुढे उभं राहावं लागे. एकदा मला ताप भरला. अव्वाने न विचारता दोन सुकी लाकडं घेतली आणि काढा उकळायला ठेवला. दोडाप्पाने पाहिलं. त्याने जळती लाकडं चुलीतून ओढून काढली, न्हाणीत नेऊन त्यांच्यावर पाणी ओतलं आणि म्हणाला, "मेल्याल्या मानसाच्या वाट्याचं जळान कवाच सपलं." मी तापात होते, तरी तो चर्र आवाज मला अजून ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी अव्वाने दोन मडकी, एक काथवट आणि वडिलांचा कोयता उचलला, माझा हात धरला आणि मळ्याच्या कडेच्या मांगरात येऊन राहिली. मांगर म्हणजे भाताचा पेंढा आणि नांगर ठेवायची खोली. ती आणि तिच्यालगतचा मळा, एवढाच आमचा वाटा.

लोक मला सांगतात की म्हातारपणी माणसाने सगळ्यांना माफ करावं. मी करत नाही. मला त्याची घाई नाही.

मांगरातले ते दिवस मात्र मला गोड आठवतात. सकाळी नाचण्याची पेज, सोबत लाल मुंग्यांची चटणी. आंब्याच्या फांदीवर पानं शिवून मुंग्यांनी केलेलं घरटं मी फडक्यात झटकून आणायची आणि अव्वा मीठ-मिरची घालून ती पाट्यावर वाटायची. जिभेला अशी आंबट झिणझिणी यायची की पेज कधी संपली ते कळायचं नाही. दुपारी रानातले कंद राखेत भाजायचे. फणसाच्या आठळ्या मातीत लोळवून आम्ही कोपऱ्यात पुरून ठेवल्या होत्या. डोक्यावरून ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, उडाला की त्याच्या पंखांचा आवाज घरात ऐकू यायचा, कुणीतरी मोठं सूप पाखडतंय असा. अव्वा कांडताना गायची. मूळ घरात ती गात नसे. मला वाटलं होतं तिला गाणी येतच नाहीत.

पण जळणाचं काय, हा प्रश्न रोज संध्याकाळी आमच्याबरोबर जेवायला बसायचा. रानात पडलेलं, वाळलेलं लाकूड डोक्यावरून आणायला मुभा होती. ते आम्ही दोघींनी वैशाखभर आणलं असतं. ठेवायचं कुठे? मांगराची वळचण इतकी खाली की तिच्याखाली कोंबडीसुद्धा वाकून जायची. चुलीवरच्या माळ्यावर पंधरा-वीस दिवसांचं मावलं असतं, त्यापुढे नाही. जमिनीवर रचलं तर वाळवी. घरात रचलं तर आम्ही कुठे निजणार? लाकडांसाठी वेगळी खोप हवी, वर पाणी न गळणारी आणि खालून वारा खेळणारी. आणि खोप म्हटली की मेढ आली. मेढ म्हणजे छपराचा खांब. ती रोवायची तर घरातल्या थोरल्या पुरुषाने रोवायची, देवाला गाऱ्हाणं घालून, ही दुसरी रीत. बाईने मेढ रोवायची नाही. रोवली तर गाव ती उपटून टाकणार. आणि आमच्या घरातला थोरला पुरुष कोण, तर दोडाप्पा. शिवाय मेढीला चांगलं टिकाऊ लाकूड लागतं, आणि उभ्या झाडाला कोयता लावायची जंगलाच्या कायद्याने बंदी. म्हणजे आम्ही दोन्हीकडून बांधलेल्या.

तरी अव्वा एकदा गेली, डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून. मी तिच्यासोबत होते. दोडाप्पा ओसरीवर सुपारी कातरत होता. "भावजी," ती म्हणाली, "मांगरामागं लाकडाला खोप घालायची हाय. मेढी तेवढ्या तुमी रवून द्या. बाकीचं आमी बगतो." दोडाप्पाने सुपारी तोंडात टाकली, सावकाश चावली. "देतो की," तो म्हणाला. "मडकी घिऊन परत घरात ये. मंग तुज्या नावानं धा मेढी रवतो." ओसरीवरची दोन माणसं हसली. अव्वा मागे वळली. तिची चाल मला आठवते. जाताना ती पाय उचलून ठेवत होती, परतताना टाच रुतवत होती.

त्यानंतर चार दिवसांनी आम्ही मळ्याला कुंपण घालायला घेतलं. आमच्याकडे कुंपण घालणं हे बायकांचं काम. वैशाखात बायका पांगाऱ्याच्या मनगटाएवढ्या फांद्या तोडतात, हातभर खड्डा करून एका ओळीत रोवतात, आणि पाऊस लागला की त्या फांद्या मुळं धरतात, पानं फोडतात. गुरं आत शिरत नाहीत. पांगारा काटेरी, लाकूड मऊ, इमारतीला बिनकामाचं. जंगलाचा शिपाईही त्याच्याकडे मान वळवून बघत नाही. मी एक फांदी ओढत होते, तळहातात काटा घुसला, मी ओरडले आणि रागाने ती फांदी जमिनीत उभी खुपसली. ती माझ्या डोक्यापेक्षा उंच होती आणि वर तिला छान बेचकं होतं. अव्वाने कोयता खाली ठेवला. ती त्या बेचक्याकडे बघत राहिली.

"काय बगालीस गं अव्वा?" मी विचारलं.

"शेवंते," ती म्हणाली, "कुंपनाचा खुंट किती उच असावा, असं कुनी सांगितलंय का?"

"न्हाई."

"आनि कुंपन मळ्यालाच घालावं, असं?"

"न्हाई की."

"मंग लाकडालाबी घालू या एक कुंपन," ती म्हणाली, आणि माझ्या तळहातातला काटा दातांनी काढून थुंकली.

ती खोप मी आजही डोळे मिटून बांधू शकेन. आधी जागा निवडली: मांगराच्या मागे, जिथे जमीन जरा उतरती आहे आणि पाणी थांबत नाही. ओहोळातून दगड आणले आणि दोन ओळींत मांडले. त्यांच्यावर आडवी लाकडं टाकली, म्हणजे ढीग जमिनीपासून वीतभर वर राहील, खालून वारा जाईल आणि वाळवीला वर चढायला वाट मिळणार नाही. मग सहा खुंट. पुढचे तीन उंच, मागचे तीन बुटके, कारण आमचा पाऊस पश्चिमेकडून तिरका मारतो आणि छपराने त्याच्यापुढे पाठ वाकवून बसलं पाहिजे. पांगारा मऊ, त्याला जड छप्पर पेलणार नाही. म्हणून वर सगळं हलकं. बांधावरच्या आमच्याच बेटातल्या चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्या, त्यांच्यावर भेरली माडाच्या झावळ्या, त्यावर करडाचं गवत मुठीमुठीने. खिळा एक नाही. सगळं कुंभ्याच्या झाडाच्या सालीने बांधलेलं. ती साल ओली असताना बांधायची, वाळली की गाठ अशी आवळते की दातांनीही सुटत नाही. पश्चिमेच्या बाजूला झावळ्यांचा एक पडदा सोडला, बाकी तिन्ही बाजू उघड्या. भिंत घालायचा मोह मला झाला होता, पण अव्वा म्हणाली, लाकूड पावसाने कुजत नाही, कोंडल्याने कुजतं. दोडाप्पाकडे दरवर्षी खालच्या थरातली लाकडं काळी पडायची ती म्हणूनच.

आता माझी चूक. सहावा खुंट, मागच्या डाव्या कोपऱ्याचा, मी आणत होते. बांधावरून उडी मारताना तो हातातून निसटला, दगडावर आपटला आणि वरचं बेचकं मोडलं. बेचकं नाही तर आडवी काठी कशावर टेकणार? अव्वा पुढच्या बाजूला गाठी मारत होती. तिने पाहिलं नव्हतं. दुसरी फांदी आणायची तर पुन्हा नदीकाठच्या पांगाऱ्यापर्यंत जायचं, हात काट्यांनी सोलून निघालेले, ऊन टळटळीत. मी डोकं चालवलं. खुंटाचं बुडख्याकडचं टोक जाड होतं. त्यात कोयत्याने खाच पाडली, तर काठी मजेत बसेल. मी खुंट उलटा केला, बारीक टोकाला तासून अणी केली, खड्ड्यात रोवला आणि माती दाबली. काठी खाचेत अशी चपखल बसली की मला माझाच अभिमान वाटला. फांदी उलटी लावली की ती जगत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडे चालायला लागलेलं पोरही ते जाणतं. पण खोप उभी करायच्या नादात मी तिला खांब समजत होते. अव्वा मात्र पहिल्यापासून तिला झाड समजत होती.

मिरगाला दोन दिवस असताना खोप लाकडांनी गच्च भरली. ऐन, किंदळ, जांभा अशा झाडांचं लाकूड, सगळं वाळलेलं, जाड खाली, बारीक वर. दोडव्वा पाणवठ्यावर जाता जाता थांबून म्हणाली, "कोंबड्याचं खुराडं झकास झालंया." अव्वा म्हणाली, "व्हय, अंडी घातली की देतो तुमास्नी." मी इतकी हसले की माझी घागर सांडली.

मग पाऊस आला आणि राहिला. माझी सून आता शेगडीचं बटण फिरवते, काडी लावते, निळी ज्योत येते. मी तिच्यावर जळत नाही, मलाही गॅस आवडतो. पण आषाढाच्या पहाटे खोपीतून काढलेलं लाकूड एकमेकांवर आपटल्यावर जो टण् असा कोरडा आवाज यायचा, तो कसा सांगू तिला? चहूकडे सगळं भिजून मऊ झालेलं, हात लावू ते ओलं, आणि मधे हा एक कडक आवाज. अव्वा मुद्दाम दोन लाकडं आपटायची. ती चूल पेटवायची आधी ते ऐकायची.

पहिल्या पंधरवड्यातच पाच खुंटांना पालवी फुटली. तीन-तीन पानांचे हिरवे झुबके छपराच्या कडेने वर आले. सहाव्याला काही नाही. मी रोज जाऊन बघायची. नखाने साल खरवडली तर आत हिरवं दिसायला हवं. माझ्या नखाखाली तपकिरी भुगा आला. तरी मी अव्वाला सांगितलं नाही. तिला ते दिसत नव्हतं, कारण पश्चिमेच्या पडद्याचं टोक कोपऱ्यावर वळून नेमकं त्याच खुंटाला झाकत होतं, आणि मला वाटलं, जे दिसत नाही ते नसल्यासारखंच.

आषाढात आमच्या छपरावर रोज धूर बघून दोडाप्पाचं पित्त खवळलं. एका सकाळी पाऊस जरा थांबला होता. तो बुधवंत अज्जाला आणि वाडीतल्या चार जाणत्या माणसांना घेऊन आला, सगळ्यांच्या अंगावर घोंगड्या. बुधवंत अज्जाला तेव्हा डोळ्यांनी फार थोडं दिसायचं, पण त्याच्या शब्दाबाहेर वाडी जात नसे. दोडाप्पा मोठ्याने म्हणाला, "बगा अज्जा. दीर जिता असताना बाईनं सा मेढी रवल्यात. रीत हाय का ह्या गावात काय? उपटा म्हनावं."

सगळं यावरच अडलं होतं. खुंट उपटले की छप्पर खाली, लाकडं पावसात, आणि चवथ अजून दीड महिना लांब.

अव्वा पदर सावरून पुढे आली. "अज्जा, मी मेढ रवली न्हाई. मी कुंपन घातलंय. कुंपन ह्या गावात कुनी घातलंय आजवर? ह्या बापयांनी? मेढ म्हंजे मेल्यालं लाकूड. ह्ये जितं हाय. तुमीच हात लावून बगा."

बुधवंत अज्जा काठी टेकत पुढे गेला. पहिल्या खुंटाला त्याने हात लावला, पान बोटांत धरलं, चुरगाळून वास घेतला. "पांगारा," तो म्हणाला. दुसऱ्याला हात लावला. तिसऱ्याला. वळून मागच्या बाजूला आला, चौथा, पाचवा. प्रत्येक वेळी त्याची बोटं पानांत शिरायची आणि अव्वाचा श्वास सुटायचा. मी पडद्यापाशी उभी होते. त्याने पडदा सारला आणि सहाव्या खुंटावर हात ठेवला. हात वरपासून खालपर्यंत फिरला, पुन्हा वर गेला. पान नव्हतं. "ह्येला काय झालंया?" तो म्हणाला.

दोडाप्पा बोलला, आणि त्याच्या आवाजातला आनंद मी कधी विसरणार नाही. "मेल्यालं लाकूड! आत्ताच म्हनाली न्हवं? ही मेढ. एक रवली काय, सा रवल्या काय."

अव्वाने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं, बुडखा वर आलेला तिने पाहिला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा फक्त पांढरा पडला. मला एकदम त्या तापातल्या दिवसाचा चर्र आवाज आठवला, आणि भीती कुठे गेली ते कळलं नाही. मी म्हणाले, "त्यो मी लावलाय. उलटा लावलाय. अव्वाला ठाव न्हाई. तिच्यावर घालू नगा. मी लावलाय, मीच उपटतो." आमच्याकडच्या बायापोरी 'मी उपटतो' असंच म्हणायच्या, आणि त्या दिवशी ते मला शोभलंही.

मी दोन्ही हातांनी खुंट धरला आणि ओढला. मुळं नव्हतीच, भाताच्या मडक्यातून पळी निघावी तसा तो चिखलातून निघाला. तो मी दोडाप्पाच्या पायाशी टाकला. तेवढ्यात छपराचा कोपरा करकरत खाली आला, आणि मी वाकून त्याच्याखाली खांदा दिला. चिवा खांद्यात रुतला. वरून गवतातलं पाणी मानेवर ओतलं. पण कोपरा थांबला.

"सोड गं पोरी," दोडाप्पा म्हणाला. "खांदा मोडंल."

"खांदा माजा हाय," मी म्हणाले.

"किती वेळ हुबी ऱ्हाशील?"

"चवथीपतोर!"

जाणत्यांपैकी कुणीतरी हसलं, पण या वेळचं हसू आमच्यावर नव्हतं. बुधवंत अज्जाने काठीवर हनुवटी टेकली आणि म्हणाला, "बाईनं मेढ रवू नये, ही रीत हाय. पोरीनं छपराखाली हुबं ऱ्हाऊ नये, अशी रीत मी ऐकली न्हाई. लक्षुमी, कुंपनाचा एक खुंट मेला तर बाया काय करत्यात?"

"दुसरा लावत्यात, अज्जा."

"मंग जा, आन." आणि तो लाकडांच्या कडेच्या दगडावर बसला. तो बसला म्हटल्यावर कुणाला निघता येईना. दोडाप्पालाही नाही.

अव्वा कोयता घेऊन पळाली. ती गेली आणि पाऊस परत आला, आमच्याकडचा तिरका, बोटाएवढ्या धारांचा. जाणते घोंगडी ओढून उभे. दोडाप्पाचं घोंगडं चांगलं जाड होतं, तरी त्याच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं, आणि मला ते दिसत होतं, कारण मला दुसरीकडे मान वळवताच येत नव्हती. नदीकाठच्या पांगाऱ्यापर्यंत जायला मधे ओहोळ होता आणि तो भरला असणार. खांद्याला आधी आग झाली, मग काही कळेनासं झालं. मी लाकडांकडे बघत राहिले, आत सगळी कोरडी, आणि मनात एकच: यातलं एकसुद्धा भिजू देणार नाही. रडू आलं होतं हे मी आज कबूल करते. पावसात ते कुणाला दिसलं नाही. बुधवंत अज्जा मधेच म्हणाला, "हाईस का?" मी म्हणाले, "हाय."

अव्वा आली ती कमरेपर्यंत भिजून, खांद्यावर खुंट, हाताला रक्त. तिने खड्ड्यातला चिखल हातांनी उपसला, खुंट रोवला, भोवती दगड ठोकले, बेचक्यात काठी चढवली आणि मला बाहेर ओढलं. मग अज्जासमोर जाऊन म्हणाली, "बुडखा खाली हाय. बगा हात लावून." अज्जाने वाकून खरंच हात लावून पाहिलं. "हाय," तो म्हणाला. दोडाप्पा उलट्या खुंटाला लाथ मारून निघून गेला. त्या संध्याकाळी अव्वाने खांद्यावर तेल चोळताना मला एवढंच म्हटलं, "मोडलं होतं तर सांगायचं." मी म्हटलं, "सांगन." कुळथाचं सार होतं जेवायला, चांगलं कढत.

खांद्यावर चिव्याचा वळ अजून आहे. नातीला दाखवला तर ती म्हणते, अज्जी, हे लसीचं असेल.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी बुधवंत अज्जा कणसांच्या जुड्या टोपलीत घेऊन निघाला. प्रत्येक दारात तो पुरुषाचं नाव घेऊन हाक मारायचा, तीच रीत. दोडाप्पाच्या दारात त्याने दोडाप्पाचं नाव घेतलं, जुडी दिली, आणि आमच्या मांगराकडे तोंड करून जरा थांबला. दोडाप्पा ओसरीवर उभा राहून बघत होता. आमच्या छपरातून धूर निघत होता, सरळ, कोरड्या लाकडाचा पातळ निळा धूर. अज्जा मळ्याच्या बांधावरून चालत आमच्या अंगणात आला आणि त्याने हाक मारली, "लक्षुमीची चूल!" इतक्या मोठ्याने, की ती दोडाप्पाच्या ओसरीवर पोचावी.

अव्वाने दोन्ही हातांनी जुडी घेतली आणि कपाळाला लावली. कणसं अजून हिरवट होती, दुधाचा वास येत होता. अज्जा म्हणाला, "बांध आता दाराला." सगळ्या गावात जुडी दारावरच बांधतात. अव्वाने दाराकडे पाहिलं, आणि मग मांगराला वळसा घालून मागे गेली. आम्ही तिच्या मागे. पश्चिमेच्या कोपऱ्यात नव्या खुंटाला तीन पानं आली होती, माझ्या तळहाताहून लहान.

"दार माज्या सासऱ्यानं केल्यालं हाय, अज्जा," ती म्हणाली. "ह्ये आमी केलंय." आणि तिने जुडी माझ्या हातात दिली. "तू बांध. तुज्या खांद्यावर हुबं ऱ्हायल्यालं हाय."

मी ती कुंभ्याच्या ओल्या सालीने बांधली, दोन गाठी मारून, म्हणजे वाळली की सुटायची नाही.